बंदराजवळ घेतलेली बाटली

कोल्हापुरात जन्मून, कोल्हापुरातच म्हातारा होऊन तिखटाला न शिवणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे घरमालक. त्यांना पोटाचा विकार नव्हता की कसला नेम नव्हता. लग्नाच्या पंगतीत तांबडा रस्सा घेऊन वाढपी समोर आला की ते वाटीवर पालथा हात ठेवीत आणि खिशातून चुरमुऱ्यांची पुडी काढीत. वाढपी नवखा असला तर गोंधळून विचारी, "पावणं कुठलं म्हणायचं?"

"हितलाच हाय," मालक सांगत. "फकस्त जीभ कामावर हाय."

जीभ खरोखरच कामावर असे. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघण्याआधी कोणत्या शेतकऱ्याचा माल कोणत्या प्रतीचा, हे ते सांगत. ढेपेवर बोटाच्या पेराने टिचकी मारीत, आवाज ऐकत, नखाने खडा काढून जिभेवर ठेवीत आणि डोळे मिटत. मग जो शब्द बाहेर पडे त्यावर व्यापारी बोली लावीत. ते स्वतः व्यापारी नव्हते. त्यांच्यापाशी दुकान नव्हते, तराजू नव्हता. जे काही होते ते तोंडात होते.

त्या जिभेसाठी त्यांनी आयुष्यातून बरेच काही वजा केले होते. चहा नाही, पान नाही, तंबाखू नाही, दारू तर नाहीच. सकाळी कोमट पाण्याने चुळा भरायच्या, चार चुरमुरे चघळायचे आणि कुणाशी न बोलता यार्डाकडे निघायचे. सौदे संपेपर्यंत घरात उदबत्ती लावायला बंदी होती. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणून ती बंदी आम्हालाही लागू होती. माझ्या पत्नीने पहिल्याच आठवड्यात कुरकुर केली तेव्हा ते जिन्यातून म्हणाले, "वैनी, देव दुपारपातुर थांबतोय. व्यापारी थांबत न्हाईत."

हंगामाचा शेवटचा सौदा झाला, की मात्र ते घरी येऊन आपल्या बायकोला, आमच्या काकींना, सांगत, "आज हू दे." मग खाली मटण शिजे आणि रश्श्यावर बोटभर लाल तवंग चढे. मालक खात आणि रडत. टॉवेलने डोळे पुसून पुन्हा भुरका मारीत. जेवण उरकले की पायरीवर येऊन समाधानाने सांगत, "वरीसभराचं रडून घेतलं."

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेलो, त्या दिवसाबद्दल सांगायला हवे. मी तेव्हा एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागलो होतो. आमचे गाव कुरुंदवाड. वडिलांच्या उसाचा, गावच्या गुऱ्हाळात केलेला गूळ मी भेट म्हणून नेला होता. वडिलांना त्या गुळाचा फार अभिमान होता. मालकांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "रान नदीकाठी हाय. वडील पाणी लई पाजत्यात. हात जरा आखडा म्हणावं, रानात मीठ फुटाय लागलंय."

खोली मिळाली. पण माझ्या आत काहीतरी अडकले ते अडकलेच. तोच गूळ मी प्रयोगशाळेत विरघळवला, गाळला, तपासला. तीन दिवस लागले. क्षार जास्त निघाले. तो निष्कर्ष मी वडिलांना कळवला, मालकांना कधीही सांगितला नाही. त्यांना तो सांगण्याची गरज नव्हती, हे खरेच. पण मी तो सांगितला नाही याचे कारण ते नव्हते.

एकदा मी त्यांना विचारले होते की एवढी विद्या तुम्ही कुणाला शिकवत का नाही. ते म्हणाले, "शिकवून काय करू? जीभ उसनी मिळत न्हाय, सर." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की गल्लीतली माणसे ते त्यांच्याआधी म्हणून टाकीत. नळाला पाणी आले की ते ओंजळभर पिऊन सांगत, "आज बालिंग्याच्या पंपाचं हाय." आणि बायका कळशा धरून हसत. मला त्या हसण्याचाही त्रास होई, कारण माझ्या कोणत्याही वाक्यावर कळशा थांबल्या नव्हत्या.

याहून मोठा त्रास वाटीचा होता. माझी पत्नी आमटी केली, भाजी केली, की आधी एक वाटी खाली नेऊन देई. मी वर ताट संपवून उठलेला असे. मला ती काही विचारीत नसे. खालून आवाज येई, "वैनी, आज हिंग दुसरा वापरलासा." आणि ती जिना चढून येई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असे ते मी तिला कधी देऊ शकलो नाही. हिंग बदललेला मला कळलाच नव्हता.

हेवा हा शब्द मी त्या काळात स्वतःजवळही उच्चारला नाही. मी त्याला शास्त्रीय दृष्टिकोन म्हणत असे.

त्यांच्या खांद्यावर नेहमी एक टॉवेल असे आणि तो केवळ घाम पुसण्यासाठी नव्हता. उघड बोलीची पद्धत येण्यापूर्वी बाजारात सौदे टॉवेलाखाली होत. दोघांनी हातात हात द्यायचे, वर कापड टाकायचे आणि बोटे दाबून सांगायचे. बाकीच्या जगाला कळायचे नाही. मालकांनी मला ती भाषा एका सुटीच्या दुपारी पायरीवर बसून शिकवली. पाच बोटे टेकली तर माल पहिल्या प्रतीचा, चार टेकली तर दुसऱ्या, असे उतरत जायचे. मूठ वळली तर माल सोडून द्यायचा. बाजारातून ती पद्धत गेली होती, पण मालकांच्या घरात ती उरली होती. जेवण झाले की काकी ताट उचलायला वाकत, मालक त्यांच्या हातावर टॉवेल टाकीत आणि आत काहीतरी सांगत. काकी "सोडा की, पोरं बगत्यात" म्हणत आणि हसत. मी जिन्यातून हे कितीदा तरी पाहिले आहे. पाच बोटे असत. दर वेळी पाच.

पुढे आम्ही स्वतःचे घर घेतले, तेही दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे जाणे-येणे राहिले. चाळिशी उलटल्यावर मी नाशिककडे जाऊन वाइन बनवण्याचे आणि पारखण्याचे प्रशिक्षण घेतले. कोल्हापुरात वाइन शॉप म्हणजे जिथे वाइन सोडून सारे काही खपते ते दुकान. तिथे वाइनबद्दल चार वाक्ये नीट बोलणारा माणूस दुर्मीळच. मी बोलू लागलो. मला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली, वाइनवाले सर अशी ओळख झाली. मला तिचा आनंद होत असे आणि त्या आनंदाचे मूळ मला पक्के ठाऊक होते. मालक दारूला शिवत नसत. चवीचा एक तरी प्रांत असा होता, जिथे त्यांना प्रवेश नव्हता.

समुद्रपर्यटनाची कल्पना गल्लीतल्या कंत्राटदाराची. मुरगाव बंदरातून एक परदेशी जहाज सुटणार होते, चार दिवसांनी परत येणार होते. तीन जोडपी ठरली: कंत्राटदार आणि त्याची बायको, मी आणि माझी पत्नी, आणि मालक व काकी. मालकांनी सत्तरी ओलांडली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यातून उठल्यापासून ते जरा गप्प झाले होते. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा होता, गुळाचे सौदे पाडव्याला सुरू व्हायचे होते. "जीभ सध्या रजेवर हाय," असे कंत्राटदारानेच परस्पर जाहीर केले. गारगोटीला नाश्ता करून आम्ही आंबोलीच्या घाटाने उतरलो.

जहाजाचे नियमपत्रक माझ्याकडे होते. त्यात म्हटले होते की प्रत्येक खोलीमागे वाइनची एक बाटली सोबत नेता येईल. "म्हंजे तीन," कंत्राटदार म्हणाला. "सर, ह्यो तुमचा प्रांत. तुमी म्हणशिला ती घ्यायची." गाडीतल्या सगळ्यांसमोर, माझ्या पत्नीसमोर, तो हे म्हणाला. मी आयुष्यभर त्या वाक्याची वाट पाहत असल्यासारखा खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे दुकान होते. फ्रॉक घातलेली एक वृद्ध बाई गल्ल्यावर बसून विणत होती. पश्चिमेच्या काचेत बाटल्यांची एक रांग उभी करून ठेवलेली होती, त्यांच्यावर बंदरावरच्या कोळशाची बारीक काळी धूळ होती. बायका रस्त्यापलीकडे काजू घ्यायला गेल्या. आत आम्ही तिघे पुरुष होतो.

मी त्या काचेतल्या रांगेकडे पाहिले आणि एका दृष्टीत मला कळले की तो माल गेलेला आहे. महिनोन्‌महिने उन्हात उभ्या राहिल्याने बुचे वर सरकली होती. टोपणाखाली गळून सुकलेल्या वाइनचे डाग होते. आत, सावलीतल्या फळीवर, आडव्या ठेवलेल्या बाटल्या चांगल्या दिसत होत्या. मी बाईंना त्या काढायला सांगणार होतो. पण त्याआधी मला थोडे प्रदर्शन करायचे होते. खराब वाइन कशी ओळखावी, हे मला कंत्राटदाराला आणि विशेषतः मालकांना दाखवायचे होते. म्हणून मी काचेतलीच एक बाटली उघडायला लावली.

"बरी आसा ती, बाब," बाई म्हणाल्या आणि तीन पेल्यांत थोडी थोडी लाल वाइन ओतली.

मी घोट घेतला. शुद्ध आंबट, घशाला झोंबणारी. मी बोलण्यासाठी तोंड उघडले तोवर कंत्राटदाराने दुसरा पेला मालकांच्या हातात दिला होता. "मला काय कळतंय, मला समदीच गोड लागतीया. मालक, तुमी सांगा."

"मी शिवत न्हाय, ठावं हाय की तुला."

"औषध म्हणून घ्या. रजेवर हाय न्हवं जीभ?"

मालकांनी दाराकडे पाहिले. रस्त्यापलीकडे काकी काजूचा भाव करीत होत्या. त्यांनी पुन्हा तिकडे पाहिले, जरा जास्त वेळ, वाट पाहिल्यासारखे. मग त्यांनी पेला उजेडात धरला, नाकापाशी नेला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. तीच जुनी मुद्रा. डोळे उघडून म्हणाले, "ब्येस हाय. काय दोष न्हाय."

मी माझा पेला गल्ल्यावर ठेवला.

त्या एका क्षणात मागची दोन वर्षे माझ्यासमोर उलगडली. तापातून उठल्यावर नळाचे पाणी कुठले, हे त्यांनी एकदाही सांगितले नव्हते. माझ्या पत्नीची वाटी ते "छान हाय, वैनी" एवढेच म्हणून परत करीत. ती जीभ मेली होती. एक चांगला माणूस त्या क्षणी हळहळला असता. माझ्या आत मात्र कुणीतरी टाळी वाजवली. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण ती टाळी मी ऐकली आहे आणि ती नाकारण्याचे वय आता माझे नाही.

"मालक म्हणतात ना," मी म्हणालो, "मग हीच घेऊ." आणि त्याच रांगेतल्या, बुचे वर आलेल्या तीन बाटल्या मी माझ्या हाताने उचलल्या. बाईंनी विणकाम खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. त्यांना बहुधा नवल वाटले असावे. एवढ्यात पत्नी आत आली. माझा पेला तिने गल्ल्यावर पाहिला.

"तुम्ही चाखली नाहीत?"

"मालकांनी चाखली," मी म्हणालो.

जहाजावरचे पहिले जेवण सूर्य पाण्याला टेकण्याच्या सुमाराला होते. पांढरी चादर घातलेले गोल मेज, प्रत्येकाच्या ताटापाशी घडी घातलेला मोठा रुमाल. कंत्राटदाराने वेटरला बाटली उघडायला लावली आणि आसपासच्या मेजांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले, "ह्या मानसाची जीभ म्हंजे कोल्लापूरची शान हाय. आता बगाच." माझी योजना माझ्या मदतीशिवाय पुढे चालली होती. मला फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे मला नेहमीच साधले आहे.

पेला मालकांच्या हातात गेला, तोच काकींनी तो काढून घेतला.

"आदी मला द्या. जलमात घेतली न्हाय, बगू तरी काय असतंय."

सगळे हसले. डोक्यावर पदर घेतलेल्या त्या बाईने पेला ओठाला लावला आणि मोठा घोट घेतला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "सरबतागत हाय की," त्या म्हणाल्या आणि पेला नवऱ्याला दिला. त्यांचा डावा हात मेजाच्या कडेला मालकांच्या हातावर होता आणि दोन्ही हातांवर तो पांढरा रुमाल होता.

मी त्या रुमालाकडे पाहत होतो, कारण ती भाषा मला येत होती. रुमालाचा मधला भाग लिंबाएवढा वर उचलला गेला. मूठ. माल सोडून द्या.

तेव्हा मला उरलेले कळले. दोन वर्षे बाजारातल्या मालाचे खडे कागदात बांधून मालक घरी आणीत असणार. काकी चाखीत असणार, टॉवेलाखाली सांगत असणार. दुसऱ्या दिवशी यार्डात डोळे मिटून ते जे बोलत ते काकींचे शब्द होते. आणि आता त्यांना ठाऊक झाले होते की ही वाइन नासलेली आहे. त्यांनी ते म्हणायचे, मेजावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहायचे आणि त्यांच्या जिभेची कीर्ती आणखी वाढायची.

मालकांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडे एखादा प्रेमळ मास्तर पाहतो तसे ते पाहत होते. माझी चूक झाली, असे त्यांना वाटले होते, प्रामाणिक चूक. त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि मेजावर ठेवला.

"सरांची निवड हाय," ते म्हणाले. "पैल्या परतीचा माल."

कंत्राटदाराने घोट घेतला आणि रुमालात थुंकला. "आयला! चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतंय ते हाय ह्ये!" वेटरने वास घेतला, उरलेल्या दोन्ही बाटल्या उघडून पाहिल्या, त्याही तशाच निघाल्या; तो क्षमा मागितल्यासारखे हसला आणि तिन्ही उचलून घेऊन गेला. शेजारच्या मेजावरची माणसे वळून पाहू लागली. "मालक, जीभ कुठं इसरून आलासा? बंदरावर?"

"म्हातारपन," मालक हसून म्हणाले. "दुसरं काय."

"आन सर, तुमी तरी चाखायची व्हती की!"

एवढ्या उघड्या दारातून माझ्यासारखा माणूस सहज बाहेर पडतो. मी म्हणालो, "मी मालकांवर विश्वास ठेवला."

काकी आपल्या ताटाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी डेकवर कठड्याशी उभी होती. चहुकडे पाणी होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दुकानात तुमच्या मिशीला लाल लागलं होतं." माझा हात मिशीकडे गेला. "मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुमचं तुम्ही सांगायचं." उरलेले तीन दिवस ती काकींच्या सोबत बसली.

कंत्राटदार वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एक चांगला किस्सा मिळाला होता. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापर्यंत तो किस्सा यार्डात पोहोचला. पुढचे मी ऐकून आहे. मालक ढेपेपाशी वाकले की व्यापारी म्हणू लागले, "राहू द्या मालक, आमी बगतो." कुणी अपमान केला नाही. ते रोज सकाळी चुळा भरून, चुरमुरे चघळून जात, एका दुकानाच्या कट्ट्यावर बसत आणि सौदे संपले की परत येत. त्यांच्या हातात कुणी खडा देत नसे. ज्या माणसाचा मी वीस-बावीस वर्षे हेवा केला, त्याच्यापाशी आता हेवा करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि मला झोप लागत नव्हती.

संक्रांत झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. मालक यार्डात होते. काकींनी दार उघडले, तिळगूळ हातावर ठेवला. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

"मला बोटीवरच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "एक खराब निघाली आस्ती तर म्हटलं आस्तं चूक. वळखणारा मानूस सगळ्याच खराब उचलत न्हाय."

"मालकांना?"

"त्यांना न्हाय सांगितलं. तुमची चूक झाकली म्हनून ते खुशीत हाईत. त्येवढं तरी राहू दे म्हटलं." मग पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "सर, हितं सांगून काय उपेग? ह्यांचं नाव घरात गेलं न्हाय. गेलं तितं जाऊन सांगा."

मी रस्त्यावर आलो तेव्हा त्या सल्ल्याचा अर्थ मला कळला होता. मी खरे सांगितले तर मालकांचे नाव परत येईल. पण मग मीच केलेले ते कृत्य पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडेल, तेही भर बाजारात.

यार्डात सौदा ऐन भरात होता. हमालांच्या हाका, बोलीचा गलका, हवेत गुळाचा उबदार वास. मालक कट्ट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा दिली. मी बसलो नाही. समोर व्यापाऱ्यांचे कोंडाळे होते, त्यात कंत्राटदारही कुणाशी तरी बोलत उभा होता. मी बोलू लागलो. कुणालाच ऐकू गेले नाही.

"काय म्हणतासा? मोठ्यानं बोला की, सर!"

मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. घराण्याचा संस्कार म्हणून मी ते सांगत आलो. खरे तर ती माझी सोय होती. त्या दिवशी मी ओरडलो. म्हणालो, ती बाटली नासलेली आहे हे मला दुकानातच कळले होते. मी ती मुद्दाम घेतली, मालकांची फजिती व्हावी म्हणून. दुकानातला तो मालकांचा जन्मातला पहिलाच घोट होता; जहाजावर मात्र त्यांना ती नासल्याचे कळले होते. माझी लाज राखायची म्हणून त्यांनी ती पिऊन टाकली.

बोली थांबली होती. कंत्राटदार तोंड उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होता. मी मालकांकडे पाहिले नाही; माझी हिंमत झाली नाही.

एक म्हातारा व्यापारी पुढे आला. "म्हंजे जीभ शाबूत हाय म्हणायची!" तो म्हणाला आणि जवळच्या ढेपेचा खडा काढून त्याने मालकांच्या हातात ठेवला. "घ्या मालक. सांगा."

मी एवढा विचार केलाच नव्हता. काकी घरी होत्या. खडा मालकांच्या हातात होता आणि सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी त्याच ढेपेचा एक खडा उचलून तोंडात टाकला. कोण माझ्याकडे पाहणार होते? गोड, त्यामागे आणखी काहीतरी, जिभेच्या कडेला. ती चव माझ्या ओळखीची होती. ती माझ्या वडिलांच्या रानाची चव होती.

मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून आमच्या हातांवर घेतला आणि त्यांच्या तळव्यावर तीन बोटे टेकवली. मग माझा अंगठा त्यांच्या तळव्यावर पुढे-मागे सरकवला, वाहत्या पाण्यासारखा.

त्यांनी डोळे उघडले. "तिसऱ्या परतीचा हाय," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले. "खारा हाय. नदीकाठचं रान, पाणी लई पाजल्यालं."

"कुरुंदवाडचाच हाय!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडले, आणि बाजार हसला, आणि बोली पुन्हा सुरू झाली.

मी हात काढून घेऊ लागलो, तर त्यांनी तो सोडला नाही. ते समोर पाहत होते. मग टॉवेलाखाली माझ्या तळव्यावर त्यांची बोटे टेकू लागली. एक. दोन. तीन. चार. मी पाचव्यासाठी थांबलो. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चला सर, काकी वाट बगत आसंल."

मालकांना जाऊन आता वर्ष होत आले. त्या दिवसानंतरचे दोन हंगाम मी सुटीच्या दिवशी सकाळी कोमट पाण्याने चुळा भरून त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसत असे. बाकीचे दिवस काकींचे. उसनी का होईना, जीभ मिळते, हे त्यांनी कधी कबूल केले नाही. दर वेळी परतताना ते माझ्या हातावर चार बोटे टेकवीत. पाचवे घरी जाऊन काकींच्या हातावर पडे, आणि त्यांच्या दाराबाहेर चपला घालताना आतून येणारे ते हसू मी ऐकत असे. मला त्याचा हेवा वाटे. अजूनही वाटतो.